सांतांदेरची बोट पकडण्याआधीच्या दोन रात्री: डोंगर की समुद्र?

सातमीटरवाली:
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं आणि सात मीटरचं मोटरहोम. पोर्तुगाल, गलिसिया करत आता आस्तुरियासमध्ये पोचलोय. गुरुवारी दुपारी स्पेनमधल्या सांतांदेरहून इंग्लंडमधल्या पोर्ट्समथची बोट आहे, म्हणजे मंगळवार आणि बुधवार एवढ्या दोनच रात्री उरल्यात. नवऱ्याला पिकोस दे युरोपाच्या डोंगरात, फुएंते देच्या रोपवेपाशी दोन्ही रात्री राहायचंय आणि गुरुवारी सकाळी तिथूनच थेट बंदर गाठायचंय. मला समुद्राकाठी निवांत पडायचंय, कारण गाडी मीच चालवते. हा शेजारी बसून फक्त 'उजवीकडे घे' म्हणतो! आणखी एक, कॅम्पिंगचे पैसे वाचवून बंदराजवळ रस्त्याकडेला रात्र काढलेली चालते का?

पडशी:
फुएंते दे चुकवू नका. रोपवेला मधे एकही खांब नाही. चार मिनिटांत ७५३ मीटर वर नेऊन १,८२३ मीटरवर सोडतात. आम्ही ढगांच्या वर निघालो होतो. माझं मत नवऱ्याच्या बाजूने.

फिरस्ती काकू:
पडशी, रोपवे छानच आहे, वाद नाही. पण बोटीच्या दिवशी सकाळी तिथून निघायचं? अगं, नको गं बाई.

आमच्या ह्यांनीही हाच हट्ट धरला होता. पोतेस गावापासून फुएंते दे आणखी २३ किलोमीटर आत आहे. परत येताना एर्मिदाची घळ लागते, वीसेक किलोमीटरची. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला नदी. त्या दिवशी सकाळी धुकं होतं. एका वळणावर समोरून बस आली. मी गाडी थांबवली आणि तो ड्रायव्हर एवढ्या शांतपणे बस सरकवत गेला की मला वाटलं, निभावलं. तेवढ्यात 'टक्' असा आवाज आला आणि डाव्या आरशाचं कवच रस्त्यावर. हे उतरून ते उचलायला गेले तर मागे गाड्यांची ही रांग! बंदरावर पोचलो तेव्हा आमच्या मागे फक्त दोन मोटारसायकली होत्या. आरसा चिकटपट्टीने बांधून पोर्ट्समथला उतरलो.

म्हणून सांगते, दोन रात्रींसाठी दोनदा बिऱ्हाड हलवू नका. सान विसेंते दे ला बार्केरा ते कोमियास या पट्ट्यात एकच कॅम्पिंग धरा. मधे ओयांब्रेचा किनारा आहे. तिथून सांतांदेर तासाभरावर, मोठा रस्ता आणि टोल नाही. सान विसेंतेला ओहोटीच्या वेळी जा. खाडीतलं पाणी उतरलं की होड्या चिखलात कुशीवर पडलेल्या दिसतात आणि हवा स्वच्छ असेल तर मागे पिकोसचे सुळके. नवऱ्याला म्हणावं, हे बघ तुझे डोंगर! कोमियासला वास्तुकार गाउदीने ऐन तिशीत रचलेला एल काप्रिचो बंगला आहे, भिंतीभर सूर्यफुलांच्या फरशा. वाटेत सांतियाना देल मार लागेल. गावाच्या नावात संत, सपाटी आणि समुद्र तिन्ही आहेत आणि गावात तिन्ही नाहीत, असं तिथलीच माणसं सांगतात. आल्तामिराची गुहा तिथून दोन किलोमीटरवर. बघायला मिळते ती हुबेहूब प्रतिकृती. १८७९ मध्ये छतावर आदिमानवाने रंगवलेले गवे पहिल्यांदा हौशी पुरातत्त्वज्ञ सौतुओलांच्या लहान मुलीला दिसले, बापाची नजर जमिनीवरच होती.

आता बुधवार संध्याकाळचं काम. कॅसेट (म्हणजे संडासाची टाकी) आणि सांडपाण्याची टाकी कॅम्पिंगमध्येच रिकामी करा, बंदरावर भरवसा ठेवू नका. सिलिंडर बोटीवर चढण्याआधी बंद. रात्री गाडीच्या डेकवर जाता येत नाही, तेव्हा औषधं, चार्जर, जाड स्वेटर आधीच एका पिशवीत काढा. आम्ही ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या खाली विसरलो होतो.

आणि फ्रिज! १२ एप्रिल २०२५ पासून युरोपातून ब्रिटनमध्ये येताना चीज, दूध, गाईगुरांचं आणि डुकराचं मांस सोबत आणायला बंदी आहे. आम्ही पोतेसला घेतलेलं निळं चीज शेवटच्या रात्री दोघांनी बसून संपवलं. वास असा, की शेजारच्या डच जोडप्याने खुर्च्या फिरवून घेतल्या. सांतोन्याच्या अँचोव्हीचे डबे मात्र बिनधास्त न्या, मासळीला आडकाठी नाही.

गाडीवान:
रस्त्याकडेच्या मुक्कामाबद्दल. स्पेनमध्ये मोटरहोम 'उभं करणं' वेगळं आणि 'कॅम्पिंग करणं' वेगळं. इतर गाड्यांना पार्किंगची मुभा असेल तिथे तुम्हीही उभे राहू शकता, आत झोपलात तरी हरकत नाही. पण बाहेर खुर्ची मांडली, बाहेरचं कापडी छत उघडलं किंवा पाणी सोडलं की ते कॅम्पिंग झालं, मग दंड. गाडी समतल करायला चाकाखाली ठोकळे लावले तरी वाद होऊ शकतो. शिवाय नगरपालिकेचा वेगळा बोर्ड असला तर तोच पाळायचा. किनाऱ्यावर असे बोर्ड भरपूर आहेत. टाक्या रिकाम्या करायच्याच आहेत, तर शेवटच्या रात्री सरळ कॅम्पिंगचे पैसे मोजा.

सातमीटरवाली:
काकू, आरशाचा किस्सा नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. रोपवे पुढच्या खेपेला. कोमियासजवळ जागा घेतली, पण वीज सहाच अँपिअर म्हणतात. पुरेल ना?

फिरस्ती काकू:
फ्रिज आणि दिव्यांना पुरेल. विजेची किटली लावलीस की खटका पडणार. सहा अँपिअर म्हणजे जेमतेम १,४०० वॉट, किटलीला दोन हजार लागतात. चहा गॅसवर कर. आम्ही पहाटे सहाला अख्ख्या रांगेची वीज घालवली होती, ते इथे लिहीत नाही. चीज किती आहे?

सातमीटरवाली:
अर्धा किलो. दोन प्रकारचं.

फिरस्ती काकू:
मग बुधवारची वाट बघू नका. आज रात्रीच बसा.