पाच दिवस गप्प बसलं की होकार?

रात्रपाळी:
'डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, चोरीला गेलं तर दोष मालकाचाच. लॉक लावा, पासवर्ड सांभाळा, विषय संपला.' काल या फोरमवर कुणीतरी हे ठोकून दिलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या, म्हणून लिहितोय. डोमेन एका रजिस्ट्रारकडून (नोंदणी करणाऱ्या कंपनीकडून) दुसऱ्याकडे हलवायची, म्हणजे ट्रान्सफरची, विनंती आली की जुना रजिस्ट्रार मालकाला मेल टाकतो: नको असेल तर कळवा. पाच दिवस उत्तर नाही आलं की डोमेन गेलं! मेल स्पॅममध्ये पडो की तुम्ही आजारी असा. डोमेनचे नियम ठरवणाऱ्या आयकॅनने ही पद्धत नोव्हेंबर २००४ मध्ये लागू केली. जानेवारी २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट कंपनीचं डोमेन ऐन सुट्टीत पळवलं गेलं, ग्राहकांचे मेल भलतीकडे.

खडूस:
ते ठोकून देणारा मीच. २००५ किती उगाळणार? तेव्हा डॉट कॉमला ऑथ कोड, म्हणजे ट्रान्सफरसाठी लागणारा गुप्त कोडसुद्धा नव्हता. आता कोडशिवाय पान हलत नाही.

रात्रपाळी:
आणि कोड असतो कुठे? रजिस्ट्रारकडच्या तुमच्या खात्यातच, लॉकच्या बटणाशेजारी. आत शिरलेला माणूस दोन्ही उघडतो, जाताजाता मेल पत्ताही बदलतो. पूर्वी नवा रजिस्ट्रारही मालकाला विचारायचा. २०१८ मध्ये जीडीपीआर या युरोपच्या खासगी माहितीच्या कायद्यामुळे नोंदीतले मालकांचे मेल पत्ते झाकले गेले आणि ती विचारणाही सुटली.

नाममात्र:
चोर लांबचे कशाला? आमच्या संस्थेचं डोमेन वेबसाइट करणाऱ्याने स्वतःच्या नावावर घेतलं होतं. वाद झाल्यावर म्हणाला, आधी पैसे, मग कोड. रजिस्ट्रार म्हणे, नोंदीत तुमचं नावच नाही.

कोडकामगार:
पैसे द्यायचे राहिले होते का, तेवढं सांगा. रिन्युअलची आठवण आम्ही करायची, खर्च आम्ही भरायचा, आणि शेवटी चोरही आम्हीच!

नाममात्र:
बिलाचं भांडण बिलावर करा. गाळ्याचं भाडं थकलं म्हणून दुकानाची पाटी स्वतःच्या नावावर करता का?

कोडकामगार:
संस्था म्हणे! कागदपत्रं मागितली तर तीन महिने कुणी सही करत नव्हतं. मग कुणाच्या नावावर घेऊ?

रात्रपाळी:
अहो, धागा ट्रान्सफरचा आहे.

नाममात्र:
त्याचाच आहे. शेवटी त्याने नाव बदलून दिलं, तर साठ दिवस ट्रान्सफर बंद! सुरक्षेसाठी म्हणे. त्याच रजिस्ट्रारकडे अडकलो.

खडूस:
त्या साठ दिवसांमुळेच चोरलेलं डोमेन लगेच दहा ठिकाणी फिरत नाही. तुम्हाला गैरसोय झाली म्हणून कुलूपच काढायचं?

रात्रपाळी:
मग 'मालकाची चूक, विषय संपला' कुठे गेलं? आता नियमाचं कौतुक चाललंय.

खडूस:
बरं बाबा, तू जिंकलास, गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. आता उलटं करून बघ: मालकाने 'हो' म्हटल्याशिवाय हलवायचं नाही. जुना रजिस्ट्रार मेल पाठवायलाच विसरेल, गिऱ्हाईक जन्मभर तिथेच. जुने रजिस्ट्रार असंच अडवून धरायचे, म्हणून तर हा नियम आला.

रात्रपाळी:
मग मेल न पाठवणाऱ्याला दंड करा. माझं डोमेन का पणाला लावता?

कोडकामगार:
आणि थकलेल्या बिलाचं काय?