स्लेजच्या लाईनमध्ये गाठ मारावी का? माझं मत: नाही

उत्तरवारा (फेअरबँक्स, अलास्का)
गेल्या रविवारी इथल्या एका मराठी मित्राने कुत्र्यांनी ओढायच्या स्लेजसाठी, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीसाठी, सहा कुत्री जुंपायची स्वतः बनवलेली लाईन आणली. जाडजूड नायलॉनचा दोर आणि प्रत्येक जोडावर बोलाइनची (न आवळणाऱ्या फासाची) गाठ. गाठी देखण्या होत्या. तरी मी ती लाईन जुंपू दिली नाही आणि आमचं कडाक्याचं वाजलं. म्हणून मुद्दा इथे मांडतो.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: स्लेजपासून पुढच्या कुत्र्यांपर्यंत मधून जातो तो मुख्य दोर, म्हणजे गँगलाईन. तिला प्रत्येक कुत्र्यासाठी दोन फाटे असतात. हार्नेसच्या, म्हणजे कुत्र्याच्या अंगावरच्या पट्ट्यांच्या, मागच्या टोकाला लागते ती टगलाईन. सगळी ओढ तिच्यावर. गळपट्ट्याला लागते ती फूटभराची नेकलाईन. ती कुत्र्याला फक्त रांगेत ठेवते.

माझ्या मते ही लाईन पोकळ विणीच्या पॉलिएथिलीनच्या दोराचीच हवी. मुख्य दोर 9 ते 10 मिमी, फाटे 6 मिमी. हा दोर पाणी पीत नाही. नायलॉन पितो, मग गोठून काठीसारखा होतो. ओल्या नायलॉनची ताकदही 10 ते 15 टक्के उतरते.

आणि जोड स्प्लाइसचा, म्हणजे गाठ न मारता दोर दोरातच ओवून केलेला. पोकळ दोर दोन्हीकडून दाबला की वीण उघडते. त्यातून फिडने (दोर ओवायच्या जाड सुईने) दोराचं टोक आत ओवायचं आणि वीतभर पुरायचं. ओढ आली की बाहेरची वीण आतल्या टोकाला आवळते, जितकी ओढ तितकी पकड. बोलाइनच्या वळणात मात्र दोराची तिसरा हिस्सा ताकद सहज जाते. शिवाय गाठीत बर्फ शिरतो. पहिल्या हिवाळ्यात उणे 34 ला मी अशी एक गाठ दातांनी सोडवत बसलो होतो, शेवटी सुरी चालवावी लागली. तेव्हापासून माझ्या लाईनमध्ये गाठ नाही.

कातळवेडा (फेअरबँक्स)
तो मित्र मीच. माझी बाजूही ऐका.

पंधरा वर्षं सह्याद्रीत प्रस्तरारोहण केलं. तैलबैलाच्या भिंतीवर माझा जीव बोलाइन आणि आठाच्या गाठीवर टांगलेला असायचा. गाठीचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ती दिसते. चढण्याआधी जोडीदार माझी गाठ तपासायचा, मी त्याची. तुझा स्प्लाइस कोण तपासणार? टोक आत किती पुरलंय, सरकलंय का, बाहेरून काहीच कळत नाही. दोर सैल असताना ते हळूहळू निसटतं, हे तूच मला सांगितलं होतंस.

दुसरं, वाटेत कुत्र्याने टगलाईन चावून तोडली तर? अंधारात, वाऱ्यात, फिड शोधत बसणार का? मी हातमोजे न काढता गाठ मारून पुढे निघालेलो असेन.

उत्तरवारा
निसटतं ते नुसतं पुरलेलं टोक. म्हणून तोंडाशी दोर एकमेकांतून आरपार काढून कुलूप घालतात, मग सैल पडला तरी हलत नाही. आणि भिंतीवरचा दोर चढणारा पडला की एकदा जोरात ताण घेतो. इथे दर पावलाला हिसका, तासन्‌तास. वर गाठीचा गठ्ठा कुत्र्याच्या मांडीला घासतो. ज्याला घासतं तो बोलत नाही, याची मला जास्त काळजी.

वाटेतल्या दुरुस्तीसाठी मी तयार टगलाईन जवळ ठेवतो. तुटलेली काढायची, नवी फासात फास ओवून अडकवायची.

कातळवेडा
फासात फास म्हणजे गाठच की! तुझे कुत्र्यांच्या प्रत्येक जोडीचे आठ-आठ फुटांचे तुकडे एकमेकांना असेच जोडलेले आहेत. मग "माझ्या लाईनमध्ये गाठ नाही" कसं म्हणतोस?

उत्तरवारा
बरोबर पकडलंस. तिथे गाठ आहे, हे मान्य. पण ती दोन्ही फासांवर ओझं वाटून घेते आणि ढकलली की सुटते.

फ्योर्डकाठची (अल्ता, नॉर्वे)
दोघेही दातांचं विसरताय. आमच्याकडे तरुण कुत्री थांबल्याजागी पाच मिनिटांत दोर कुरतडतात. पॉलिएथिलीन काय नि नायलॉन काय, त्यांना सारखंच. म्हणून मी मुख्य दोराच्या पोकळीतून पोलादी तार घालते. गाठ की स्प्लाइस हा वाद तिथेच मिटतो.

उत्तरवारा
ताई, तारेला माझा ठाम विरोध आहे. गुंता होऊन कुत्र्याच्या गळ्याशी वेढा बसला तर दोर सुरीने क्षणात कापता येतो, तार येत नाही. इडिटारॉड या अलास्कातल्या कुत्र्यांच्या स्लेज शर्यतीच्या नियमांत तार कापायचा कटर जवळ ठेवायला सांगितलंय, ते उगाच नाही.

फ्योर्डकाठची
कटर माझ्या अनोरॅकच्या पुढच्या खिशात असतो, स्लेजच्या पिशवीत नाही. आणि दोर कुरतडून मोकळा झालेला कुत्रा डोंगरात हरवला तर? मी एक रात्र असा कुत्रा शोधलाय. तार काढणार नाही.

नेकलाईनबद्दल मात्र मी तुमच्या बाजूची. तिथे तार नको, जाड दोरही नको. कुत्रा झाडाच्या एका बाजूने गेला आणि लाईन दुसऱ्या बाजूने, तर नेकलाईन तुटलीच पाहिजे. मान वाचते.

नाखव्याचा नातू (हर्णै)
बर्फ पाहिलेला नाही, पण दोरात जन्म गेला. आमच्या जाळ्यांनाही पॉलीचाच दोर. तरंगतो, पाणी धरत नाही, म्हणून आवडतो. एक सांगतो, हा दोर उन्हाने मरतो. वरून धागे पांढरे, खरखरीत झाले की आतूनही गेला समजा. उन्हाळ्यात तुमच्या लाईनी उघड्यावर टांगू नका. अलास्कात उन्हाळ्यात सूर्य जेमतेम मावळतो म्हणे.

हिमवाट (इकालुइट, कॅनडा)
इथले इनुइट शिकारी समुद्राच्या बर्फावर कुत्री पंख्यासारखी पसरून जुंपतात, प्रत्येकाचा दोर वेगळा. झाडं नाहीत, त्यामुळे अडकायला काही नाही, आणि पातळ बर्फावर वजन पसरतं. पूर्वी हे दोर दाढीवाल्या सीलच्या कातड्याचे असत आणि धातूच्या हुकाऐवजी हाडाचं किंवा हस्तिदंताचं बटण. कुत्री जागा बदलत राहतात, दोरांची वेणी पडते आणि ती हाताने सोडवावी लागते. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ही वेणी उकलली, त्यांना गाठीची भीती नसते. सुटेल अशी गाठ मारता येणं हे कसब आहे, ते टाकून देऊ नका.

उत्तरवारा
याला माझा मान आहे. स्लेज झाडाला बांधून ठेवायच्या दोराला मीही सुरगाठच मारतो. आठ कुत्री उड्या मारत असताना ती एका हिसक्यात सुटली पाहिजे. निरगाठ बसली तर निघणंच होत नाही. पण ज्या दोरावर कुत्रा दिवसभर ओढतो, तिथे स्प्लाइसच.

कातळवेडा
काल पोकळ दोर घेतला, दोन्ही मापांचा. फिड तुझा वापरेन. एक अट आहे: आत पुरलेलं टोक जिथे संपतं तिथे मी लाल दोऱ्याचे टाके घालणार, आरपार. टोक सरकायला लागलं तर टाके ताणतील आणि मला दिसेल. आणि खिशात तीन हात सुटा दोर ठेवणार, गाठ मारायला.

उत्तरवारा
टाके घाल, मीही माझ्या लाईनीला घालतो. शनिवारी सकाळी ये. सुटा दोर तुझ्याच खिशात राहू दे.