परक्यांचा विश्वास थोर, पण पंगतीत जागा? (त्या गोग्गोड पोस्टला उत्तर)

तळटीप_बहाद्दर:
काल ती पोस्ट सगळ्यांनी वाचलीच असेल. थोडक्यात असं की येशूला स्वतःच्या लोकांत विश्वास सापडला नाही, परक्यांत सापडला, रोमन शताधिपती, कनानी बाई, शोमरोनी (यहुद्यांनी परकी मानलेली शेजारची जमात) कुष्ठरोगी, इथिओपियाचा खोजा (राणीच्या दरबारातला नपुंसक अधिकारी). म्हणून दारं सगळ्यांना सताड उघडी होती आणि यहुदी मात्र कोरडे ते कोरडेच राहिले. खाली हार्टांचा पाऊस. मी दोनदा उत्तर टाइप करून पुसलं, आता लिहितोच.

आधी ती कनानी बाई घ्या. येशूचं चरित्र सांगणाऱ्या शुभवर्तमानांपैकी मार्क 7, मत्तय 15. येशू सोर या परक्यांच्या शहराच्या बाजूला गेलाय, कुणाला कळू नये म्हणून एका घरात थांबलाय, तिथे ही बाई मुलीला भूत लागलंय म्हणून येते. मत्तयमध्ये तर तो आधी उत्तरच देत नाही, शिष्य म्हणतात हिला वाटेला लावा, मागे ओरडत येतेय. आणि मग उत्तर मिळतं ते काय, तर मुलांची भाकर घेऊन कुत्र्यांना घालणं बरं नाही. ती म्हणते हो प्रभू, पण मेजाखालची कुत्री पोरांनी सांडलेला चुरा खातातच की. हे सताड उघडं दार?? दार लावलेलंच होतं, तिने कडी वाजवून वाजवून उघडायला लावलं.

आणि मार्कमध्ये या प्रसंगात 'विश्वास' हा शब्दच नाही, बघा उघडून. तिथे येशू म्हणतो, हे बोललीस म्हणून जा, मुलगी बरी झालीय. म्हणजे दाद आहे ती तिच्या जबाबाला. 'बाई, तुझा विश्वास मोठा' हे मत्तयचं.

दुसरं म्हणजे परके म्हटले की बिचारे असं आपण धरूनच चालतो. शताधिपती हाताखाली शिपाई असलेला अधिकारी. खोजा कांदके राणीचा खजिनदार, रथात बसून यशयाची गुंडाळी वाचतोय, त्या काळात स्वतःचं हस्तलिखित बाळगणं गरिबाचं काम नाही. सोर तर श्रीमंत बंदर, आणि प्रेषितांची कृत्ये (येशूनंतर शिष्यांनी काय केलं ते सांगणारं पुस्तक) 12:20 सांगतं की सोर-सीदोनचं धान्य राजा हेरोदाच्या मुलखातून यायचं. म्हणजे येशूच्या गालीलचा शेतकरी पिकवणार आणि खाणार सोरवाले. त्या मुलखातला माणूस सोरच्या बाईला 'आधी पोरांना पोटभर खाऊ दे' म्हणतो तेव्हा त्यात नुसता धर्म नाहीये, भाकरीचाही हिशोब आहे.

आणि माझा खरा मुद्दा. कौतुक झालं की ही सगळी मंडळी घरी जातात. बाई घरी. खोजा आनंद करत आपल्या वाटेने. शताधिपती तर लूकच्या शुभवर्तमानात येशूला भेटतसुद्धा नाही, आजारी चाकराला बरं कर म्हणून निरोपच पाठवतो. एकत्र जेवायची वेळ खरंच आली तेव्हा काय झालं? अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवत होता, यरुशलेमातून याकोबाकडची यहुदी माणसं आली तसा हळूच बाजूला झाला, आणि पौलाने तोंडावर झापलं, गलतीकरांस पत्र अध्याय 2. (परराष्ट्रीय हा शब्द वाचला की मला अजून दिल्लीतलं मंत्रालय आठवतं, असो.) विश्वास कौतुकाचा, पंगत वेगळी.

यहुदी कोरडे वगैरे बद्दल एवढंच की येशू यहुदी, पेत्र यहुदी, पौल यहुदी. घरातल्या भांडणातलं वाक्य शेजाऱ्याने उचलून वापरलं की काय होतं ते युरोपने यहुद्यांच्या बाबतीत करून दाखवलंय, तेव्हा जरा जपून.

सुकेळी:
ती पोस्ट माझी नाही पण हार्ट माझं होतं म्हणून लिहितेय. शताधिपतीला पंगतीत जागा नाही म्हणताय, तुम्ही कधी मिस्सेला (आमच्या कॅथलिक उपासनेला) बसलायत का? कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजनाची भाकर, घ्यायच्या आधी आख्खं चर्च काय म्हणतं? प्रभू, तू माझ्या छपराखाली यावंस एवढी माझी लायकी नाही, तू फक्त शब्द बोल. कोणाचं वाक्य आहे हे? त्याच रोमन माणसाचं, मत्तय 8:8. पेत्राचं नाही, योहानाचं नाही, मरियेचंही नाही. फक्त 'माझा चाकर'च्या जागी 'माझा आत्मा' आलाय. माझी आजी लॅटिनच्या काळातली, तिला अक्षर कळायचं नाही पण दोमिने नोन सुम दिग्नुस करत तीनदा छातीवर हात मारायची. कॅथलिक माणूस पंगतीला बसतो तोच मुळी एका परक्याचे शब्द तोंडात घेऊन. याहून मानाचं पान कुठलं हो?

प्रकाशवाट:
तळटीप साहेब अर्धवट वाचून गैरसमज पसरवू नका. ती परीक्षा होती. प्रभूला आधीच माहीत होतं ती काय बोलणार. आणि मूळ ग्रीक शब्द कुनारिऑन आहे, म्हणजे पिल्लू, घरातलं लाडकं. रस्त्यावरचं कुत्रं नव्हे. पास्टर लोक हे नेहमी समजावून सांगतात.

तळटीप_बहाद्दर:
@सुकेळी यावर विचार करतो, खरंच.
@प्रकाशवाट पिल्लू तर पिल्लू. मला कोणी 'अरे कुत्रुल्या' म्हणून हाक मारली तर मी लाडात येणार का? शिवाय त्या उताऱ्यात मार्क सगळंच लहान करून बोलतो, मुलगीही छोटुकली, चुराही चिमूटभर, त्यामुळे त्या एका प्रत्ययावर अख्खा सिद्धांत टांगू नका. परीक्षेचं म्हणाल तर पोरगी तिकडे तडफडतेय आणि आईची तोंडी परीक्षा चाललीय, हे तुम्हाला जास्त बरं वाटतं?

सेक्रेटरी_काका:
मुलांची भाकर कुत्र्यांना घालू नये हे वाक्य आमच्या लिफ्टमध्ये फ्रेम करून लावायला पाहिजे. बी विंगमधल्या एक बाई रोज रात्री दहाला पार्किंगमध्ये दूधभात घेऊन उतरतात, सात कुत्री झालीत, दोन मुलांना चावली, मीटिंगमध्ये विषय काढला की मीच क्रूर. जनरल बॉडीत ठराव झाला तरी

मोकळा_वेळ:
काका, धागा बायबलचा आहे 😂

सेक्रेटरी_काका:
तेच म्हणतोय ना. दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा मेजाखाली टाकायचे, म्हणून तर सोकावतात.

तर्कट:
मला हा सगळा मार्केटिंगचा मामला वाटतो. शुभवर्तमानं लिहिली गेली तोवर मंडळीत बाहेरचे लोक भरले होते, मग मागे जाऊन गोष्टी रचल्या की बघा, गुरूनेही बाहेरच्यांचं कौतुक केलं होतं. गिऱ्हाईक बघून पुडी बांधली. बाकी आजचं धर्मांतर वगैरे मी काढत नाही, नाहीतर इथे आग लागेल.

मोकळा_वेळ:
@तर्कट काढत नाही म्हणत काढलंतच. आणि पुडीच बांधायची तर कुत्र्याचं वाक्य कोण ठेवेल? गिऱ्हाईकाला दारातच कुत्रं म्हणायचं? लूक बाहेरच्या वाचकांसाठी लिहितो असं मानतात आणि नेमकी त्याच्याकडे ही गोष्टच नाही. त्याऐवजी त्याचा येशू नासरेथात, गावातल्याच सभास्थानात, सारफथची विधवा आणि सूरियाचा सेनापती नामान अशी दोन परक्यांची नावं घेतो आणि गाववाले त्याला कड्यावरून ढकलायला नेतात. एवढंच कशाला, मत्तयने पहिल्याच पानावर वंशावळीत रूथ घातलीय. मवाब या परक्या देशातली बाई. जुन्या करारातलं 'अनुवाद' नावाचं पुस्तक, अध्याय 23, म्हणतं मवाब्याला दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत घेऊ नका, आणि दावीद राजा तिचा पणतू. म्हणजे नियम आणि घरातली आजी दोन्ही एकाच पुस्तकात, घ्या! तेव्हा तळटीप, 'दार बंद' हे तुमचंही जरा जास्तच झालं.

तळटीप_बहाद्दर:
सारफथ काढलंतच तर ते गाव सीदोनचं, म्हणजे त्या कनानी बाईचाच मुलूख. तिथे दुष्काळात यहुद्यांचा संदेष्टा एलीया विधवेकडे जातो, तिच्याकडे मूठभर पीठ, स्वतःचं आणि पोराचं शेवटचं जेवण करून मरायचं म्हणतेय, आणि हा म्हणतो आधी मला भाकर करून आण, मग तुमचं बघ. ती करते! त्या वेळी परकीने स्वतःच्या पोराच्या आधी यांच्या संदेष्ट्याला वाढलं आणि इथे तिच्याच मुलखातल्या बाईला सांगतात आधी आमची पोरं. हे वाचून मला दर वेळी राग येतो आणि पोस्टवाले त्यावर गुलाबाचं फूल चिकटवतात. (हो, पुढे त्या विधवेचं पीठ संपलं नाही, मला माहितेय, लगेच सांगायला येऊ नका.)

नगरी_तिखट:
मी सहसा लिहीत नाही. पंगतीवरून लिहावंसं वाटलं. तुम्ही सगळे भाकरीत अडकलात, पाण्याचं कोणीच काढलं नाही. योहान 4. भर दुपारी शोमरोनी बाई विहिरीवर, येशू पाणी मागतो, ती म्हणते तू यहुदी, माझ्याकडे कसं मागतोस. पुढे छापलंय की यहुदी शोमरोन्यांशी संबंध ठेवत नाहीत, पण त्या ग्रीक शब्दाचा अर्थ 'एकत्र भांडी वापरत नाहीत' असाही काही अभ्यासक लावतात. आणि दोन ओळींनी तीच म्हणते, तुमच्याकडे पाणी काढायला काही नाही. म्हणजे प्यायचं तर तिच्याच घागरीतून. ही गोष्ट मराठी माणसाला फोड करून सांगायला लागते का? महाडचं तळं 1927.

आमची आजी नगर जिल्ह्यातली, तिच्या वडलांनी बाप्तिस्मा घेतलेला. मंडळीतल्याच एका घरी, तेही ख्रिस्तीच पण मूळचे 'वरचे', आजीसाठी वेगळा कप होता. खिडकीत, उपडा. चहा झाला की तिनेच विसळून परत तिथे ठेवायचा. रविवारी प्रभुभोजनाला त्याच घरातल्या बाईंच्या शेजारी बसून एकाच प्याल्याला तोंड लावायचं आणि सोमवारी खिडकीतला कप. आजी हे हसून सांगायची, मला नाही हसू येत. तेव्हा पेत्र उठून बाजूला झाला हे मला कोणी ग्रीकमधून समजावू नका.

प्रकाशवाट:
ताई, वाईट वाटलं, पण ती माणसांची चूक, प्रभूची नाही. ख्रिस्तात ना यहुदी ना हेल्लेणी (ग्रीक). जातीचा विषय इथे आणून धागा भरकटवू नये असं नम्रपणे वाटतं.

नगरी_तिखट:
कुत्र्यांच्या दूधभातावर तुमचं काही म्हणणं नव्हतं. माझ्या आजीच्या कपाने धागा भरकटला का?

मोकळा_वेळ:
👏👏

सुकेळी:
तिखट ताई, वाचून गलबलून आलं, पण नगरचं नगरला. प्रोटेस्टंट मिशनऱ्यांच्या मंडळ्यांचं मला माहीत नाही, आमच्या वसईत चर्चमध्ये असला प्रकार नाही, सगळे एकाच बाकावर.

नगरी_तिखट:
बाकावर असतीलच हो. लग्नं जमवताना काय विचारता?

तर्कट:
😏

सुकेळी:
तर्कट, दात काढू नका. बरं, विचारतात. कुपारी का वाडवळ का कोळी का ईस्ट इंडियन, सगळं विचारतात, मामाचं गावही विचारतात. माझ्या मावसबहिणीने बाहेर केलं तर, बाहेर म्हणजे कॅथलिकच हं, फक्त दोन स्टेशनं पलीकडचा, मावशी वर्षभर बोलली नाही. झालं समाधान? पण पाण्याची भांडी वेगळी आणि लग्नाला नाक मुरडणं एकच आहे असं मी मानणार नाही.

नगरी_तिखट:
एक नाहीचे. पण एकाच विहिरीचं पाणी आहे.

प्रकाशवाट:
आपण परत शास्त्राकडे येऊया का? कर्नेल्य या परक्या रोमन अधिकाऱ्याचं कोणीच बोललं नाही. प्रे. कृत्ये 10. पेत्राला याफोत दृष्टांत होतो, चादरीत सगळे प्राणी, देवाने शुद्ध केलेलं तू अशुद्ध म्हणू नकोस. पेत्र कैसरियाला त्याच्या घरात जातो, बाप्तिस्मा द्यायला सांगतो, काही दिवस राहतो. राहतो म्हणजे जेवला असणारच ना? मग तळटीप साहेबांचं 'सगळे घरी जातात' कुठे राहिलं?

तळटीप_बहाद्दर:
हा मुद्दा बरोबर आहे. वाईट वाटतंय की तो प्रकाशवाट यांनी काढला, पण बरोबर आहे. पुढच्याच अध्यायात यरुशलेमातले लोक पेत्राला पहिला जाब विचारतात तो बाप्तिस्म्याचा नाहीच, तू सुंता न झालेल्यांकडे गेलास आणि त्यांच्याबरोबर जेवलास, हा! म्हणजे मामला पंगतीचाच होता हे माझं म्हणणं उरतं, पण तिथे पंगत मोडली नाही, झाली. आणि तरीही तोच माणूस अंत्युखियात परत कच खातो, हे जास्तच वाईट नाही का?

शोमरोनी बाईचं तर मी साफ विसरलो होतो. तिच्या गावात येशू दोन दिवस राहिला, 4:40. घरी ती जाते खरी, पण घागर तिथेच टाकून, आणि गाव घेऊन परत येते. तेव्हा 'सगळी मंडळी घरी जातात' मधला 'सगळी' मागे घेतो. बाकी वाक्य तसंच.

सुकेळी:
आणि मिस्सेचं? दोन दिवस विचार चाललाय म्हणे.

तळटीप_बहाद्दर:
मिस्सेचं वाक्य तोडीस तोड आहे, मान्य. फक्त एक, रोज म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असतं की ते वाक्य मुलूख ताब्यात ठेवणाऱ्यांच्या बाजूच्या अधिकाऱ्याचं आहे?

सुकेळी:
मला होतं. आजीला नव्हतं. दोघींना मिळायचं तेच मिळालं.

सेक्रेटरी_काका:
चर्चा चांगली चालली आहे. महापालिकेकडे कुत्र्यांच्या नसबंदीचा अर्ज कुठल्या खात्यात करायचा कुणाला माहीत असल्यास सांगावे.

मोकळा_वेळ:
@नगरी_तिखट विचारू नये पण विचारतो, ती मंडळी कुठली? असल्या लोकांची नावं यायला हवीत.

नगरी_तिखट:
नाव सांगणार नाही. आई अजून तिथेच जाते.