शब्दचर्चा : राजबंदिनी, राजकीय कैदी की स्थानबद्ध?

विचारणा, नाशिकरोड

आणीबाणीला 50 वर्षे झाली त्या निमित्ताने आमच्या वाचनकट्ट्यावर भित्तिपत्रके लावायची आहेत. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि प्रमिला दंडवते या आणीबाणीत तुरुंगात गेलेल्या नेत्यांच्या छायाचित्रांखाली मी ‘राजकीय कैदी’ असे लिहिले होते. कट्ट्यावरच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी ते खोडून ‘राजबंदिनी’ केले आणि दुसऱ्या बाईंनी तेही खोडून वर ‘स्थानबद्ध’ लिहिले. मजकूर छपाईला द्यायचा असल्याने जाणकारांनी यांतला योग्य शब्द कोणता ते कारणासह सांगावे.

उत्तर, पंचवटी

माझी सारी नोकरी न्यायालयीन कागदपत्रांत गेली, म्हणून आधी कायद्याची बाजू मांडतो. कारागृहाच्या भाषेत शिक्षा झालेला तो सिद्धदोष बंदी, खटला चालू असलेला तो न्यायाधीन बंदी, ज्याला आपण बोलताना कच्चा कैदी म्हणतो, आणि ज्याच्यावर खटलाच नाही तो स्थानबद्ध. 1971 च्या ‘मिसा’ म्हणजे अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली उचललेल्या माणसावर आरोपपत्र नसे, आणि जून 1975 नंतरच्या दुरुस्तीने त्याला अटकेची कारणे सांगण्याचे बंधनही उरले नाही. 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने, अशा व्यक्तीला सुटकेसाठी उच्च न्यायालयात दादच मागता येणार नाही, असा निकाल दिला. तो एकमेव विरोधी आवाज न्या. ह. रा. खन्ना यांचा होता. ‘कैदी’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात गुन्हा, खटला आणि शिक्षा ओळीने उभ्या राहतात, आणि या स्त्रियांच्या बाबतीत त्यांतले काहीच घडलेले नव्हते. मात्र आणीबाणीतल्या अतिरेकांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाने नोंदवलेल्या 34,988 मिसाबंदींखेरीज 75,818 माणसे भारत संरक्षण नियमांखाली, म्हणजे त्या वेळच्या बोलीत ‘डीआयआर’खाली, अटकेत होती. भित्तिपत्रकावर सत्याग्रह करून अटक करवून घेतलेल्या स्त्रियाही येणार असतील, तर त्यांना सरसकट ‘स्थानबद्ध’ म्हणता येणार नाही, कारण त्यांतल्या पुष्कळ जणी या दुसऱ्या खात्यातल्या असण्याचा संभव आहे.

उत्तर, गंगापूर रोड

‘राजबंदिनी’ खोडून वर ‘स्थानबद्ध’ लिहिणारी ती बाई मीच. माझा आक्षेप ‘राजबंदिनी’तल्या ‘-इनी’ला आहे. योगी-योगिनी या वळणाने व्याकरणात तो शब्द बसतो, हे मान्य. पण मराठी कानाला ‘बंदिनी’ म्हटले की गजाआडून पाहणारी, उसासे टाकणारी नायिका आठवते. महागाईविरुद्ध लाटणे मोर्चा काढणारी बाई डोळ्यांसमोर येत नाही. पुढे, प्रमिलाताई येरवड्याला आणि त्यांचे पती मधू दंडवते बंगळूरच्या तुरुंगात, दोघेही एकाच कायद्याखाली आत, आणि पत्रे या तुरुंगातून त्या तुरुंगात जात. मग ते राजबंदी आणि त्या राजबंदिनी, हा भेद शासनाने केला नाही तो आपण कशासाठी करायचा? ‘कैदी’चे तरी आपण कुठे ‘कैदीण’ करतो? (केले तर माळीण-तेलीणीच्या ओळीत जाऊन बसेल, आणि ऐकायला विचित्र वाटेल.)

‘राजबंदी’ला माझा विरोध नाही, उलट तो शब्द मानाचा आहे. इंग्रजांच्या काळात 1818 च्या तिसऱ्या रेग्युलेशनखाली खटल्यावाचून डांबलेल्यांना ‘स्टेट प्रिझनर’ म्हणत, आणि मराठीत राजबंदी हा शब्द त्याच अर्थाने चालला. पण ‘राजबंदी’ म्हणताना आपण त्या माणसाचा गौरव करतो आणि ‘स्थानबद्ध’ म्हणताना शासनाने काय केले ते सांगतो. छायाचित्राखाली मला दुसरे हवे आहे. मृणालताई काही महिने भूमिगत राहून डिसेंबर 1975 मध्ये पकडल्या गेल्या आणि पुढे अकोल्याच्या तुरुंगात एकट्या ठेवल्या गेल्या, जिथे आसपास कुष्ठरुग्ण आणि मनोरुग्ण स्त्रिया होत्या. ‘स्थानबद्ध’ या कोरड्या शब्दातले ‘स्थान’ ते हे.

उत्तर, जेलरोड

नामाइतकाच क्रियापदाचाही विचार व्हावा. शिक्षा भोगतात, म्हणून ‘तुरुंगवास भोगला’ इथे खटकते. ‘पत्करला’ सत्याग्रहींना शोभते. मिसाबंदींना मात्र कोणी विचारलेच नव्हते, त्यांच्यासाठी ‘सोसला’ किंवा जुन्या पद्धतीने ‘घडला’ बरे.

आणखी एक शब्द सुचवतो, जरी तो छापण्याजोगा नसला तरी : ‘आत’. माझी मावशी 1976 साली आत होती. गावाकडचे एक गृहस्थ दारात आले, “बाई आहेत का?” म्हणाले. आजीने “आत आहे” एवढेच सांगितले, तेव्हा त्यांनी चपला काढल्या, ओसरीवर बसले, पाणी प्याले आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत राहिले. अर्ध्या तासाने आजीने तुरुंगाच्या दिशेला हात केला, तेव्हा ते दचकून उठले.

मूळ विचारणा करणारी, नाशिकरोड

सर्वांचे आभार. तिन्ही छायाचित्रांखाली आता ‘मिसाखाली स्थानबद्ध’ आणि पुढे तुरुंगाचे नाव असे छापते आहे. सत्याग्रही स्त्रियांचे पत्रक वेगळे केले असून त्यावर ‘तुरुंगवास पत्करलेल्या’ असे लिहिले आहे. ‘राजबंदिनी’ लिहिणारे सदस्य अजून रुसलेले आहेत. त्यांच्यासाठी वरच्या मथळ्यात ‘राजबंदी’ ठेवला आहे, ‘-इनी’ वगळून.