‘कीटकजन्य पुनर्संयोजित लस’ हा शब्दप्रयोग योग्य आहे का?

प्रश्न : कुक्कुटपालकांसाठीच्या माहितीपत्रकात, अळ्यांच्या शरीरात तयार होणाऱ्या, कोंबड्यांच्या गंबोरो या विषाणुजन्य रोगावरील लशीला मी ‘स्वस्त कीटकजन्य पुनर्संयोजित लस’ असे म्हटले आहे. हे बरोबर आहे का?

उत्तर : ‘पुनर्संयोजित’ (इंग्रजीत ‘रिकॉम्बिनंट’, म्हणजे एकाचे जनुक दुसऱ्यात घालून तयार केलेली) हे रूप संधिनियमांत बसत नाही. ‘पुनः’ याच्या विसर्गाचा ‘र्’ पुढे स्वर किंवा मृदू व्यंजन आले तरच होतो, जसे पुनरागमन, पुनर्जन्म. ‘स’ कठोर असल्यामुळे ‘पुनःसंयोजित’ असेच लिहावे.

‘कीटकजन्य’ हा शब्द मला अधिक घातक वाटतो, कारण हिवताप आणि डेंगी यांना आपण ‘कीटकजन्य आजार’ म्हणतो आणि तीच भीती वाचकाच्या मनात लशीबद्दल उभी राहील. प्रत्यक्षात गंबोरोच्या विषाणूतील व्हीपी-२ या प्रथिनाचे जनुक बॅक्युलोव्हायरस या कीटकांना ग्रासणाऱ्या विषाणूमध्ये घालून तो विषाणू अळीला टोचतात, अळीच्या पेशी ते प्रथिन मोठ्या प्रमाणात बनवतात आणि नंतर अळ्या वाटून ते वेगळे काढले जाते. बॅक्युलोव्हायरसचे कूळ आपल्या शेतकऱ्यांना परके नाही. हरभऱ्यावरील घाटेअळीसाठी फवारला जाणारा एचएएनपीव्ही हा विषाणू त्याच कुळातला आहे आणि रेशीम उत्पादकांचे पीक बुडवणारा ग्रासरी रोगही अशाच विषाणूमुळे होतो. पत्रकात हा उल्लेख अवश्य करावा. त्याने परिभाषेपेक्षा अधिक उलगडा होईल.

प्रतिप्रश्न : मग ‘दुग्धजन्य पदार्थ’ कसे चालते? तिथेही ‘जन्य’ आहेच.

उत्तर : तिथे दूध हाच कच्चा माल असतो आणि दह्यात, लोण्यात दुधाचेच घटक उतरतात. इथे लशीतील उपयोगी प्रथिनाची घडण विषाणूच्या जनुकाने ठरते. अळी ते घडवण्याची जागा आहे. त्यामुळे ‘कीटकांत तयार केलेली पुनःसंयोजित लस’ हा प्रयोग थोडा लांब असला तरी नेमका आहे.

‘स्वस्त’ या शब्दाचाही फेरविचार करावा. अळ्या साध्या खाद्यावर वाढतात, त्यांना पेशीसंवर्धनाच्या निर्जंतुक टाक्या लागत नाहीत, म्हणून उत्पादनखर्च कमी होऊ शकतो. मात्र अशी प्रथिनाची लस सामान्यतः प्रत्येक पक्ष्याला टोचावी लागते. कोंबड्यांच्या राणीखेत रोगावरील लासोटा लशीसारखी ती पिण्याच्या पाण्यातून देऊन भागत नाही. टोचणीची मजुरी कुक्कुटपालकालाच सोसावी लागणार असल्याने ‘कमी उत्पादनखर्चाची’ असे लिहावे.