गाजरापेक्षा गवत महत्त्वाचे

सशाला रोज गाजर, पोळी आणि थोडा भिजवलेला हरभरा दिला तर पुरे होईल का, या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते स्पष्टपणे नाही असेच आहे. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजण्यासाठी, तसेच आतड्यांची हालचाल चालू राहण्यासाठी, त्याच्यापुढे चांगले वाळलेले, बुरशी नसलेले गवत चोवीस तास असावे लागते. आहाराचा बहुतांश भाग तोच. टिमोथी गवत (सशांसाठी विकत मिळणारे एक परदेशी वाळलेले गवत) महाग पडत असल्यास फवारणी न झालेली हरळी चालते. लसूणघास (अल्फाल्फा हा हिरवा चारा) मात्र वाढत्या पिल्लांनाच द्यावा, कारण त्यातील जास्तीच्या कॅल्शियममुळे प्रौढ सशांना मूत्रखड्याचा त्रास होऊ शकतो. कोथिंबीर किंवा मुळ्याचा पाला धुऊन रोज मूठभर द्यावा. गाजर गोड असल्याने त्याची एखादी चकती कधीमधी पुरे. पोळी, हरभरा, कांदा, लसूण आणि बटाटा पूर्णपणे टाळावेत. ससा स्वतःच्या मऊ, चकचकीत लेंड्या खातो याची किळस वाटू देऊ नये, त्यातून त्याला जीवनसत्त्वे मिळतात. परंतु त्याने दहा-बारा तास काहीच खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकणे थांबवले, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्यांकडे न्यावे.