रात्री पावणेबाराला भावाचा फोटो काढला. तो आता कुणाकडे आहे?

अशोकचौकवाला

परवा माझा धाकटा भाऊ दुसऱ्या पाळीवरून सायकलवर घरी येत होता. टॉवेल विणायच्या मागावर कामाला असतो. अंगावर कापसाची लव, पायात स्लीपर. रात्रीचे पावणेबारा. चौकात नाकाबंदी होती. दोघा पोलिसांनी थांबवलं, आधार कार्ड मागितलं, ते जवळ नव्हतं. एकाने खिशातून स्वतःचा मोबाईल काढला, "वर बघ" म्हणाला, समोरून एक आणि बाजूने एक फोटो घेतला, नाव-पत्ता-नंबर टाइप केला आणि "जा" म्हणाला. मारलं नाही, शिवी दिली नाही. घरी आल्यावर भाऊ जेवला नाही. "दादा, बाजूने फोटो चोराचा काढतात ना?" एवढंच विचारलं.

गस्तीला माझा विरोध नाही. पण तो फोटो आता कुठं आहे, किती दिवस राहणार, उद्या कुठं चोरी झाली तर कुणाला दाखवणार, हे विचारायला मी कुठल्या खिडकीवर जायचं?

२०२२ चा ओळख पटवण्याचा कायदा वाचला. ठसे, फोटो, डोळ्यांच्या बुबुळाचं स्कॅन, सगळं घेता येतं आणि नोंद ७५ वर्षं ठेवता येते. पण तो कायदाही अटक झालेल्या, शिक्षा झालेल्या माणसांबद्दल बोलतो. बाकी कुणाचं घ्यायचं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. माझ्या भावाला अटक झाली नव्हती, आदेश कुणी दाखवला नाही. मग दोन फोटो कशाच्या आधारावर?

उत्तर प्रदेशात खडकसिंग नावाचा माणूस होता. दरोड्याच्या गुन्ह्यातून पुराव्याअभावी सुटला, तरी पोलीस रात्री-बेरात्री दार ठोठावून त्याला झोपेतून उठवायचे, आहे की पळाला बघायला. तो सुप्रीम कोर्टात गेला. १९६२ मध्ये कोर्टाने रात्रीचं दार ठोठावणं बंद केलं, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही असंही म्हटलं. ते दुरुस्त व्हायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडला. नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, कलम २१. म्हणजे पंचावन्न वर्षं लागली. आणि आपल्या चौकात अजून पोचलेलं नाही.

निवृत्त_हवालदार

तुमच्या भावाला त्रास झाला, वाईट वाटलं. पण एक बाजू मला माहीत आहे ती सांगतो, कारण मी एकतीस वर्षं ती बघितली.

कॅमेरे नव्हते तेव्हा घरफोडी झाली की आम्ही काय करायचो? यादी काढायची, यादीतली दहा पोरं उचलून आणायची आणि पट्टा काढायचा. एखादा कबूल व्हायचा. दर वेळी तोच खरा चोर असायचा असं नाही. आज फुटेज बघतात, टॉवर लोकेशन काढतात आणि बरोबर एकालाच आणतात. बाकीची नऊ पोरं घरी झोपतात. कॅमेरा म्हणजे गरिबाच्या अंगावरून उतरलेला पट्टा आहे, हे मी मनापासून सांगतो.

आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत एकदा चार वर्षांची पोरगी हरवली होती. आई पाळण्यापाशी छाती बडवत बसलेली. कॅमेऱ्यावर लाल स्वेटर शोधलं, पाऊण तासात पोरगी आईच्या कडेवर. त्या बाईला विचारा खासगीपणाचं. २६/११ ला अतिरेकी पलीकडच्या सूत्रधारांशी फोनवर बोलत होते, ते आपल्या यंत्रणांनी ऐकलं, म्हणून तर कट कुठं शिजला ते जगापुढे आलं. ऐकायचंच नाही म्हटलं तर कसं चालेल?

नवीपेठ_दुकान

काकांशी सहमत. ज्याने काही केलं नाही त्याने कशाला घाबरायचं? माझ्या दुकानात चार कॅमेरे आहेत, गिऱ्हाईक तक्रार करत नाही. आणि तुम्ही सगळे मोबाईल कंपन्यांना रोज उठून सगळं देता, तेव्हा हक्क कुठं जातो?

अशोकचौकवाला

कंपनी माझा डेटा विकते, ते वाईटच आहे. पण कंपनी मला रात्री लॉकअपमध्ये बसवू शकत नाही, सरकार बसवू शकतं. तुमचं दुकान मला नको असेल तर मी पलीकडच्या दुकानात जातो. चौक कुठून बदलू?

वसतिगृह_सात

मी कॅमेऱ्यांच्या बाजूने आहे. मागच्या वर्षी क्लासवरून येताना एक जण रोज गाडीवर मागे लागायचा. तक्रार दिली, फुटेजमध्ये गाडीचा नंबर मिळाला, त्याला बोलावून समज दिली, प्रकरण संपलं. त्या कॅमेऱ्यामुळे माझं शिक्षण सुटलं नाही, हे मी विसरणार नाही. घरचे तर परत गावाकडे न्यायला आले होते.

पण पंधरा दिवसांनी तीच क्लिप मैत्रिणीच्या भावाच्या व्हॉट्सॲपवर आली. पडद्यावरून मोबाईलने उतरवलेली, कोपऱ्यात वेळ २१:१४, खाली कुणाच्या तरी अंगठ्याची सावली. त्यात मी, माझी ओढणी, माझी वळायची गल्ली. तो पडदा ज्या खोलीत आहे तिथे त्या दिवशी कोण बसलं होतं, हे मला आजपर्यंत कुणी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणाले, "मॅडम, तुमचं काम झालं ना?"

काका, पोरगी सापडली ते खरंच चांगलं झालं. पण कॅमेरा माझ्यावर असेल तर कॅमेरा बघणाऱ्यावरही एक नोंद हवी. कोण आलं, कधी बसलं, काय उतरवून घेतलं.

सेटलमेंटची_नात

इथे सगळे सोलापूरचे, आणि कुणीच सेटलमेंटचं नाव काढलं नाही म्हणून लिहिते.

१८७१ मध्ये इंग्रजांनी कायदा करून जातीच्या जाती गुन्हेगार ठरवल्या. गुन्हा करायची गरज नव्हती, जन्म पुरेसा होता. सोलापुरात तारेचं कुंपण घालून आमच्या लोकांना आत ठेवलं. माझी आजी त्या तारेच्या आत जन्मली. दिवसातून तीनदा हजेरी. गिरणीत कामाला जायचं तर पास, पासावर परतायची वेळ. उशीर झाला की शिक्षा. ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभरातून तो कायदा गेला, तो दिवस आम्ही विमुक्त दिन म्हणून पाळतो. आजी ऐंशीच्या पुढे गेली तरी दिवेलागणीला घरातली डोकी मोजायची. एक कमी भरलं की दारात जाऊन उभी राहायची, ते माणूस येईपर्यंत आत यायची नाही.

हवालदार काका, तुम्ही म्हणालात "यादी काढायची". ती यादी कुणाची होती? माझ्या चुलत्याला तीनदा उचललंय, तिन्ही वेळा सोडून दिलं, आणि चौथ्या वेळी पहिल्या तीन वेळांचा दाखला दिला. आता तुम्ही सांगता की कॅमेऱ्यामुळे अन्याय संपणार. कॅमेऱ्यामागे चेहरा ओळखणारं यंत्र येणार. यंत्राला चेहरे पुरवणार कोण? तीच जुनी वही. पट्टा उतरेल कदाचित, पण वही तीच राहिली तर यंत्र पहिल्यांदा आमच्याच गल्लीकडे बोट दाखवणार. आणि माणसाशी भांडता तरी येतं, त्याला "साहेब, बघा की माझ्याकडे" म्हणता येतं.

दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकारात उत्तर दिलं की चेहरा ८० टक्के जुळला की ते जुळला असं धरतात. उरलेल्या वीस टक्क्यांत कोण बसतं ते आम्हाला माहीत आहे.

कोर्टाच्या_पायरीवर

मी वकिली करतो, कायद्याचं थोडं सांगतो. फोन ऐकायचा तर गृहसचिवांचा लेखी आदेश लागतो, १९९६ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून. ऐकायला चांगलं वाटतं. पण माहिती अधिकारात जे बाहेर आलं ते असं, की एकटं केंद्र सरकार महिन्याला ७,५०० ते ९,००० आदेश काढत होतं. ९,००० धरा, म्हणजे दिवसाला तीनशे. तीनशे कागद एक माणूस वाचून सही करतो का? वरून तपासायला जी समिती आहे ती दोन महिन्यांतून एकदा बसते, तिच्यापुढे एका बैठकीत पंधरा-अठरा हजार आदेश. डेटा संरक्षणावरच्या श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात हे लिहिलंय. आणि आदेश तपासणाऱ्या त्या समितीत सगळे सरकारी सचिवच, न्यायाधीश एकही नाही.

हवालदार साहेबांच्या २६/११ बद्दल माझं म्हणणं नाही, तिथे ऐकायलाच हवं होतं. पण मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका लाचेच्या प्रकरणातले टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले. सार्वजनिक आणीबाणी नाही, सुरक्षेला धोका नाही, मग फोन कसा ऐकला, असं विचारलं आणि घेतलेलं संभाषण नष्ट करायला लावलं. तो आरोपी पैसेवाला होता, कोर्टापर्यंत पोचला. मागावरचा मुलगा कुठं पोचणार?

२०२३ चा डेटा संरक्षण कायदाही बघा. कलम १७ म्हणतं, केंद्राने एखाद्या सरकारी यंत्रणेसाठी अधिसूचना काढली की ती यंत्रणा कायद्यातूनच बाहेर. म्हणजे नवी पेठेतल्या दुकानदारासाठी नियम, आणि ज्याच्या हातात बेड्या आहेत त्याला सूट मिळू शकते.

नवीपेठ_दुकान

हे कलमाचं मला माहीत नव्हतं. तरी कॅमेरे कमी करा म्हणणाऱ्यांशी मी नाही. दिवाळीत एकदा तुमच्याकडे चोरी झाली तर कळेल.

निवृत्त_हवालदार

सेटलमेंटच्या ताईंचं दोनदा वाचलं. त्यांच्या चुलत्यासारखी माणसं मीही आणली आहेत. इथे त्यावर जास्त लिहिणार नाही.

कॅमेऱ्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण फोटोचं सांगतो. आमच्या वेळी रात्री कुणाला थांबवलं तर गस्तीच्या वहीत नाव, वेळ, जागा आणि थांबवणाऱ्याची सही असायची, सकाळी साहेब ती बघायचे. चुकीचं थांबवलं तर विचारणारा कुणी होता. स्वतःच्या मोबाईलमध्ये फोटो घ्यायचा हे कुठल्या नियमात बसतं ते मलाही समजत नाही. तो पोलीस बदली होऊन जाईल, मोबाईल विकेल, आणि फोटो त्याच्याबरोबर जाईल. हे थांबलं पाहिजे, मान्य.

अशोकचौकवाले, साधा अर्ज करा. त्या रात्री त्या चौकात नाकाबंदीला कोण होतं आणि माझ्या भावाची नोंद कुठं केली, एवढंच विचारा. तारीख-वेळ बरोबर लिहा. पोच घेतल्याशिवाय हलू नका.

अशोकचौकवाला

काका, आभार. अर्ज आज रात्री लिहिला, भावाच्याच नावाने. सही करायला त्याच्यापुढे ठेवला तर म्हणतो, "दादा, खाली परत नाव, पत्ता आणि मोबाईल नंबर लिहायचा का?"

कागद अजून टेबलावरच आहे.